डायरीत काय लिहिलंय?

माझी मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत तिला गप्प बसवणं हेच घरातलं मोठं काम होतं. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात ती पहिलीत जायची. एकाच खोलीत पहिली आणि दुसरी, दोन्हींना मिळून एक गुरुजी. शाळा सुटली की ती घरी न येता थेट मिठागराच्या बांधावर जायची. तिथे माझे वडील कामाला असायचे. गुरुजींनी दिवसभरात जे सांगितलं ते सगळं ती त्यांना परत सांगायची. गांडुळाला डोळे नसतात, पृथ्वी गोल आहे, सात आणि पाच बारा. माझ्या वडिलांना सही करण्यापुरतंसुद्धा लिहिता येत नव्हतं. मिठाची रास सारखी करता करता ते विचारायचे, "व्हय का? मग पुढं?" आणि ती पुढं सांगत राहायची.

मी तेव्हा माहेरी राहत होते. माझे यजमान रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टेंपररी होते आणि चौघांत मिळून एका खोलीत राहत. ते पर्मनंट झाले तसं आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात बिऱ्हाड केलं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पत्र्याची पडवी. मला वाटलं, आता आपलं नीट सुरू झालं.

त्याच सुमाराला रोह्यात एक इंग्रजी शाळा निघाली. कंपनीतल्या साहेबांची मुलं तिकडे जाऊ लागली. यजमान फॉर्म घेऊन आले तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता, लग्नपत्रिका धरतात तसा. मी म्हटलं, "आपल्याला कोणाला येतं इंग्रजी? घरी अभ्यास कोण घेणार?"

ते म्हणाले, "आपल्याला येत नाय म्हणूनच तर घालायची. मी जन्मभर ड्रम ढकलणार. माझ्या मागून आलेला पोरगा मशिनीच्या कंट्रोल पॅनेलवर बसला, का तर त्याला इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येतो. हिचं तसं नको व्हायला."

त्यात चूक काय होतं? आजही मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. मी स्वतः सातवी पास. इंग्रजी तीन वर्षं होतं, पण ते फळ्यावरचं वहीत उतरवण्यापुरतं. आपल्या पोरीने आपल्यापुढे जावं असं कोणत्या आईला वाटत नाही?

इंग्रजी येत नाही म्हणून शाळेने तिला पुन्हा पहिलीतच घेतलं. पिनाफोर, टाय, पांढरे मोजे. सकाळी शाळेची रिक्षा यायची. पहिले आठ-दहा दिवस ती उड्या मारत गेली.

त्या शाळेत प्रत्येक मुलाला एक डायरी असायची. टीचर त्यात पालकांसाठी काहीतरी लिहायच्या आणि आम्ही खाली सही करून पाठवायची. टीचरचं लिखाण सगळं जोडून लिहिलेलं, एकही अक्षर सुटं नाही. यजमानांना ड्रमवरची छापील मोठी अक्षरं जुळवून वाचता यायची, पण हे त्यांनाही लागेना. मग मी मुलीलाच विचारायचे, "डायरीत काय लिहिलंय गो?"

सुरुवातीला ती सांगायची ते खरं असायचं. शनिवारी पांढरे बूट घालून या. गुरुवारी डब्यात गोड नको. वर्गातच टीचर हातवारे करून समजावत असतील, त्यावरून तिला कळत असेल. पुढे डायरी वरचेवर भरून यायला लागली. मी दारात उभी राहून रिक्षाची वाट बघायचे. ती उतरली की दप्तर तिच्या खांद्यावर असतानाच मी डायरी काढायचे.

"काय लिहिलंय?"

"माझं अक्षर चांगलं आहे असं लिहिलंय."

दुसऱ्या खेपेला, "मी पोएम म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

एकदा स्कर्ट ओला झालेला होता. मी विचारलं तर म्हणाली, "वॉटरबॅग सांडली. टीचरने लिहिलंय, बाटलीचं झाकण नीट लावून देत जा."

मी सही केली आणि नवं झाकण आणलं.

शेजारणींना मी सांगत सुटले होते. माहेरी गेले की वडिलांना सांगायचे, "बाबा, तुमची नात वर्गात पहिली येईल बघा." ते विचारायचे, "मग हल्ली बांधावर येऊन काय सांगत नाय ती?" मी म्हणायचे, इंग्रजीत शिकते, तुम्हांला कसं सांगणार? माझ्या लक्षात यायला हवं होतं. पोर घरातही बोलायची थांबली होती. विचारलं तेवढंच सांगायची आणि सांगून झालं की पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. मला वाटलं, मोठी झाली, शिस्त लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ती डबा विसरून गेली म्हणून मी चालत रोह्याला शाळेत नेऊन द्यायला गेले. शिपाईबाईने नाव विचारलं आणि आत जाऊन टीचरला बोलावून आणलं. टीचर म्हणजे विशी-बाविशीची मुलगी, साडी सावरत आली. मला बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी नुसती हसले. तशी तिने इकडे-तिकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि मला गेटच्या बाहेर रस्त्यावर आणलं. गेटच्या आत मराठी बोलायला बंदी होती.

"अहो, किती वेळा बोलावलं तुम्हांला," ती म्हणाली. "तुम्ही येत का नाही?"

"कधी बोलावलंत?"

"डायरीत लिहिते ना मी. तुमची सही असते खाली."

तिने शिपाईबाईकडून डायरी मागवली, रस्त्याच्या कडेला उभी राहून एकेक पान उलटलं आणि मला मराठीत सांगू लागली. ही नोंद अमक्या आठवड्यातली, मुलगी वर्गात एक शब्दही बोलत नाही. ही पुढची, वह्या कोऱ्या आहेत, पालकांनी भेटावं. ही त्याच्या पुढची, कविता म्हणायला उभी केली तर रडायला लागली. मग एका पानावर तिचं बोट थांबलं. "आज वर्गात कपडे ओले केले. बाथरूमला जायचं असेल तर विचारायला घरी शिकवा, असं लिहिलं होतं मी. आमच्याकडे ते इंग्रजीतच विचारायला लागतं. तिला ते वाक्य येत नाही. तुम्ही वाचलं नाही का?"

प्रत्येक नोंदीखाली माझी सही होती. मराठीत, ठळक, मी अगदी जपून केलेली.

टीचर वाईट नव्हती. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि डायरी मिटली. "मुलगी मुकी तर नाही ना?" तिने हळूच विचारलं. "तसं असेल तर सांगा. वेगळ्या शाळा असतात."

मुकी! जिला गप्प बसवताना आमचा जीव जायचा तिच्याबद्दल कोणी हे विचारत होतं.

परत येताना कुंडलिकेच्या पुलावर मी बराच वेळ थांबले. पाण्याकडे बघत होते, पण दिसत काही नव्हतं. त्या क्षणी मला मुलीची कीव आली नाही, हे मी लपवणार नाही. मला माझीच लाज वाटत होती. शेजारणींना जे सांगितलं ते सगळं आठवत होतं.

दुपारी ती रिक्षातून उतरली आणि मी तिला मारलं. आधी हाताने, मग तिच्याच दप्तरातल्या लाकडी पट्टीने. ती ओरडली नाही. यजमान पहिल्या शिफ्टवरून घरी आले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मी रडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. डायरीचं पान उघडून म्हणाले, "आता खरं वाच. काय लिहिलंय?"

तिने पानाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मला वाचता येत नाय."

"मग खोटं कशाला सांगायचीस?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई वाट बघत असते ना दारात. काहीतरी सांगायला पायजे."

यजमान उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

इथून पुढचे पाच महिने मी अजून विसरलेले नाही. आम्हांला वाटलं, झालं ते झालं, आता जोर लावला की भरून निघेल. मी तिचं खेळणं बंद केलं. बाजारातून अक्षरांचे तक्ते आणले आणि जिथे जागा मिळेल तिथे चिकटवले, मोरीच्या दारावर, मडक्यांच्या फळीवर, तिच्या अंथरुणाशेजारच्या भिंतीवर. भाकरीच्या पिठात बोटाने अक्षर काढून विचारायचे, हे काय? ती उत्तर द्यायची नाही. लिमलेटच्या गोळ्या समोर ठेवल्या, ओळखलंस तर तुझी. ती गोळ्यांकडे बघायची आणि खाली मान घालायची. एका देवीला नवस बोलले. दुसऱ्या देवाला बोलले. शेजारच्या आळीत एक बाई शिकवणी घ्यायच्या, तिथे पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाईच तिला हाताला धरून घेऊन आल्या. "ही तोंड उघडत नाही, मी काय करू?" असं म्हणून गेल्या.

यजमान कंपनीतून रोज एका कागदावर चार इंग्रजी शब्द उतरवून आणायचे. कोणा-कोणाला विचारून त्यांचा अर्थ मराठीत लिहून आणायचे. चहा झाला की तिला समोर बसवायचे. "व्हॉल्व्ह म्हणजे झडप. म्हण." ती म्हणायची नाही. "टँक म्हणजे टाकी. हे तर सोपं हाय गो. म्हण ना." त्यांचा आवाज चढत जायचा, मग ते एकदम गप्प व्हायचे, कागदाची घडी करून खिशात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी नवा कागद.

सकाळी कोपऱ्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला की तिला उलटी व्हायला लागली. डॉक्टरांनी पोट तपासलं, डोळे तपासले, कान तपासले. "काही नाही, ठणठणीत आहे," म्हणाले. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. पोटच्या पोरीला रोग निघावा असं मी देवाजवळ मागत होते. निदान औषध देता आलं असतं.

वार्षिक परीक्षेत ती सगळ्या विषयांत नापास झाली. पुन्हा पहिली, असं शाळेने कळवलं. हे या वेळी आम्हां दोघांनाही कोणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही, लाल शाईच पुरेशी होती.

सुट्टी लागली तशी मी तिला घेऊन माहेरी निघाले. एसटीत ती खिडकीशी बसली होती. नागोठणं गेलं, गडब आलं, तिथे उतरून लोक कलिंगडं घेत होते. पूर्वी याच रस्त्यावर ती दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारायची. मी तिच्याकडे बघत होते. मला खरंच वाटायला लागलं होतं की माझी पोर कुठेतरी हरवली आणि ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी माझ्या शेजारी बसली आहे.

गावी गेल्यावर दोन दिवसांनी मी पेणला, तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या घरी गेले. मुलीला बरोबर घेतलं होतं, पण गुरुजींचं दार दिसताच ती मागे सरली. शेजारी गणपतींचा कारखाना होता. कच्च्या मूर्ती ओळीने वाळत ठेवल्या होत्या. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी एकटीच आत गेले. सगळं सांगितलं, काहीच ठेवलं नाही, पट्टीचंसुद्धा सांगितलं. गुरुजींनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, हाक मारली नाही.

"रोज तिला काय काय विचारता?" त्यांनी मला विचारलं.

"आज काय शिकलीस, काय लिहिलंय, काय आलं, काय नाही आलं... तेच की."

"ते बंद करा."

"म्हणजे?"

"काहीच विचारू नका. तुम्ही नाही, तिच्या वडिलांनी नाही. ती काही बोललीच तर ऐका. बोलली नाही तर तुमचं काम करा."

"आणि शिक्षणाचं काय गुरुजी? असंच सोडून देऊ?"

ते म्हणाले, "सोडू नका. नुसती मान सोडा तिची."

मी चिडूनच बाहेर पडले. मला वाटलं होतं गुरुजी एखादं पुस्तक देतील, काही युक्ती सांगतील. हे काय, तर गप्प बसा. पण दुसरं काही उरलंही नव्हतं. मी ठरवलं, सुट्टी संपेपर्यंत विचारायचं नाही.

कोणाला वाटेल, हे काय अवघड आहे? माझी जीभ सारखी वळवळायची. जेवताना, वेणी घालताना, कपडे वाळत टाकताना. मी ओठ दाबून धरायचे. ती सकाळी आज्याबरोबर मिठागरावर जायची आणि बांधावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. काहीही झालं नाही. मला वाटायला लागलं, हा वेडेपणा आहे, तेवढेच दिवस फुकट चाललेत.

मग एके दिवशी मी भाकरी घेऊन मिठागरावर गेले होते. मे महिना, सगळीकडे मीठ पिकलेलं, डोळे उघडवत नव्हते. माझे वडील लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होते. मुलगी वाफ्याच्या कडेला वाकून बघत होती. एकाएकी ती म्हणाली, "आज्या, ह्या वाफ्यातलं पाणी लाल का झालंय?"

आणि मी घात केला. "अगो बाई! बघा कसं बरोबर विचारलंन!" मी ओरडले. "थांब, वही आणते. आपण लिहून ठेवू. लाल रंगाला इंग्रजीत काय म्हणतात? येतं ना तुला? सांग, सांग!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मिटला. मला दुसरा शब्द सुचत नाही. ती उठून बांधाच्या पार टोकाला जाऊन बसली.

वडिलांनी फळी खाली टाकली. आयुष्यात ते माझ्यावर क्वचितच ओरडले असतील. "तुला तोंड बंद ठेवता येत नाय का गो? पोर माझ्याशी बोलत व्हती. तू कशाला मधी पडलीस?"

मी तशीच भाकरीचं फडकं हातात घेऊन उभी राहिले. त्यांचं बरोबर होतं. तिला शिकण्याची भीती नव्हतीच. तिला माझी भीती होती, माझ्या त्या आशेने बघण्याची. हे मला त्या उन्हात कळलं आणि कळून काही उपयोग वाटेना, कारण ते बघणं मला थांबवता येत नव्हतं.

सुट्टी संपायच्या आधी यजमान आम्हांला न्यायला आले. मी त्यांना मिठागरावरच्या झोपडीत गाठलं आणि सांगितलं, मी तिला त्या शाळेत परत पाठवणार नाही. वरशाच्या मराठी शाळेत घालायची.

ते म्हणाले, "एक वर्ष गेलं म्हणून हार मानायची? पुन्हा पहिली करू दे. येईल हळूहळू."

"तोवर पोर राहील का?"

"तुला काय वाटतं, मी हौसेनं करतोय?"

"मग कशासाठी करताय?"

आवाज वाढत गेले. माझे वडील बाजूला झाले. मुलगी झोपडीच्या दाराशी उभी होती, आम्ही तिला पाहिलंच नव्हतं. यजमानांनी पाहिलं आणि ते बोलायचे थांबले. मग मटकन खाली बसले, झोपडीच्या उंबऱ्यावर, तिच्या पायांशी. आणि म्हणाले,

"मला पण नाय येत वाचायला."

ती त्यांच्याकडे बघू लागली.

"खरंच सांगतो. आमच्यात शिफ्ट संपली की वहीत लिहायला लागतं, काय काय झालं ते. इंग्रजीत. मी काय करतो माहीत हाय? आदल्या शिफ्टवाल्यानं जे लिहिलेलं असतं, ते तसंच खाली उतरवतो. नुसती वेळ बदलतो."

"आणि सायबाने विचारलं तर?" ती म्हणाली.

मी पदर तोंडात धरला. कितीतरी महिन्यांनी तिने आपल्या वडिलांना काही विचारलं होतं.

"मान हलवतो. येस सर म्हणतो."

"परत विचारलं तर?"

"परत येस सर."

ती त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "मी पण. मी पण येस टीचर म्हणते. एकदा टीचरने विचारलं तुझं नाव काय, तर मी म्हटलं येस टीचर. सगळी हसली."

यजमान हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मला एकदा सायेब म्हणाला, टाकी भरली की रिकामी? मी म्हटलं, येस सर." यावर ती हसली. आवाज करून हसली. दोघं तिथे उंबऱ्यावर बसून एकमेकांना सांगत राहिले, कोण कुठे कुठे येस म्हणालं ते. मी आत चुलीपाशी पाठ करून बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शहाणपणाची गोष्ट असेल.

जूनमध्ये तिला मराठी शाळेत घातलं. हेडमास्तर म्हणाले, "लोक इकडून तिकडे जातात, तुम्ही उलट आलात?" शेजारणींनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण ज्यांना मी वर्षभर सांगत होते त्यांच्या नजरा मला कळत होत्या. ती दुसरीत बसली, बाकीच्यांपेक्षा वर्षाने मोठी. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी तीन मिळाले. मराठी अक्षरंही ती विसरली होती, 'ख' उलटा काढायची. त्या दिवसांत मला वाटायचं, दोन्ही घालवलं आपण, इकडचं पण आणि तिकडचं पण.

फक्त घरातला एक रिवाज बदलला, आणि तो यजमानांनी बदलला. शिफ्टवरून आले की चहा पिताना ते स्वतःहून सांगायचे, आज काय कळलं नाही. "आज सुपरवायझरनं एक नवा पाइप दाखवला, कुठून कुठं जातो काय समजलं नाय बघ. नुसताच बघत राहिलो." मीही सांगायला लागले. बँकेचा फॉर्म कळला नाही. पेपरात शेअर म्हणून काहीतरी रोज येतं, ते काय असतं कोण जाणे. तिला आम्ही विचारत नव्हतो. महिना-दीड महिना ती नुसती ऐकायची. मग एक दिवस म्हणाली, "मला हातचा घेतात ते कळत नाय. तो कुठून येतो?"

मला सांगता येत होतं. पण मी यजमानांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही काड्या घेऊन बसलो. दहाची जुडी बांधायची, सोडायची. पाऊण तास गेला. तिला कळलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही म्हणून मी उठून भांडी घासायला घेतली आणि दोनदा तीच भांडी घासली.

सगळं काही असं सरळ होत गेलं नाही. चौथीत एकदा प्रगतीपुस्तक आणलं तेव्हा माझा हात पुन्हा उठला होता. उठला आणि तसाच हवेत राहिला. तिने डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर आठवडाभर तिने चहाच्या वेळी काही सांगितलं नाही. मी रोज वाट बघत होते आणि वाट बघतेय हे तिला दिसू नये म्हणून तोंड फिरवून बसत होते.

पाचवीत मराठी शाळेतही इंग्रजी सुरू झालं. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम जोरात चालू होतं, यजमानांच्या कंपनीत रोज त्याच गप्पा असायच्या, आणि माझ्या घरात इंग्रजीच्या पहिल्या तासाची धास्ती होती. त्या सकाळी तिला उलटी झाली. तीच उलटी, इतक्या वर्षांनी. मी तिचं तोंड धुतलं. "नको जाऊस आज," असं ओठांवर आलं होतं. ती स्वतःच दप्तर घेऊन गेली.

मला राहवलं नाही. शाळा सुटायच्या वेळी बाजाराची पिशवी घेऊन मी उगाच त्या बाजूला गेले. ती बाहेर आली. मी म्हटलं, "जवळा घ्यायला निघालेय, येतेस?" आम्ही दोघी बाजारात गेलो, जवळा घेतला, कोथिंबीर घेतली, घरी आलो. ती काही बोलली नाही. मीही नाही. दुसरा दिवस तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. ती शेजारी येऊन बसली, ताटातले खडे वेचायला लागली. म्हणाली, "आज इंग्रजीच्या बाईंनी मला उभं केलं."

मी ताटातून नजर वर केली नाही.

"एक ओळ वाचायला सांगितली. मी म्हटलं, बाई, मला येत नाय."

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"मग काय? बाई म्हणाल्या, बस, परत सांगते. त्यांनी परत सांगितलं."

एवढं बोलून ती खेळायला गेली. मी ताट बाजूला ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले. आनंदाने की कशाने, मला तेव्हाही कळलं नाही. पुढे नववीत ती इंग्रजीत नापास झाली, दहावीला काठावर पास झाली. ते निकालही तिने स्वतः येऊन सांगितले, आहेत तसे. आज ती एका दवाखान्यात तपासणीचं काम करते. कधीतरी मी तिला विचारलं होतं, तुला ती पट्टी आठवते का गो? ती म्हणाली, "कुठली पट्टी?" खरंच आठवत नाही की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ते मी पुन्हा विचारलेलं नाही.